मालकाच्या हातचा चिरा

ज्याच्या घामाने आपले काम सिद्धीस गेले, त्याचे वेतन त्याला वेळेवर न देणे हा अपराध आहे, याविषयी शास्त्र आणि लोकव्यवहार यांच्यात कधी दुमत नव्हते. एकट्या माणसाकडून तो घडला तर शेजारीपाजारी त्याला बोल लावतात, त्याचा घास त्याच्याच घशात अडकतो, आणि केव्हातरी तो मान खाली घालून ऋण फेडायला निघतो. परंतु तोच अपराध एखाद्या कचेरीकडून घडला, तर तो दहा टेबलांवर वाटला जातो. कोणाच्या वाट्याला एक सही येते, कोणाच्या एक शेरा, कोणाच्या एक शिक्का. एवढ्याशा वाट्याचा भार कोणाच्याच मनाला जाणवत नाही. त्या सर्व वाट्यांची बेरीज करणारा कोणी आहे की नाही, हे नारायणरावांना पुष्कळ उशिरा कळले.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षे झाली होती आणि जिल्हा परिषदांचा कारभार सुरू होऊन जेमतेम एक. बुलढाणा जिल्ह्यातील एका पंचायत समितीत नारायणराव आवक-जावक कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, वागणे मोजके, पानतंबाखूचे व्यसन नाही. सकाळी संध्या केल्यावाचून त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतला नाही आणि सरकारी टाचणी कधी घरी नेली नाही. येणारा प्रत्येक कागद नोंदवहीत चढवणे, त्याला क्रमांक देणे आणि ज्या टेबलाचा असेल त्या टेबलाकडे पाठवणे, एवढे त्यांचे काम.

तक्रारींची रीत त्या कचेरीत ठरलेली होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार आली असेल, त्याच्याकडेच ती ‘अहवालास्तव’ म्हणून जाई. तो दोन ओळी लिहून कागद परत करी. मग नारायणराव त्यावर ‘निकाली’ असा शिक्का मारीत आणि गठ्ठा बांधीत. ही रीत त्यांनी घातली नव्हती. पूर्वीपासून चालत आलेली होती, आणि चालत आलेल्या गोष्टीविषयी त्यांच्या मनात आदर असे.

त्या वर्षीच्या वैशाखात, भर दुपारी, मेहबूब गवंडी कचेरीत आला. उंच, वाळलेला, पन्नाशीचा माणूस. नखांच्या कडांत चुना कायमचा बसलेला. डोणगावच्या पलीकडे दोन कोसांवर नांद्राखेड नावाचे गाव आहे, तेथील शाळेजवळची विहीर त्याने समितीच्या ठेक्यावर बांधून दिली होती. पहिले दोन हप्ते मिळाले होते. अंतिम देयकाचे नऊशे चाळीस रुपये अडले होते, आणि ते का अडले हे त्याला कोणी सांगत नव्हते.

नारायणरावांच्या टेबलासमोर उभे राहून त्याने पैशांची गोष्ट काढलीच नाही.

“सलाम भाऊसाब,” तो म्हणाला. “ह्या इहिरीचा मालक कोन हाये, तेवढं सांगता का?”

“मालक?” नारायणरावांनी चष्म्यावरून पाहिले.

“हो जी. मालकाले येकडाव गावात यावं लागते. माह्यं काम अडलं.”

त्या दिवशी उन्हाने सर्वांचीच डोकी तापली होती. बाजूच्या टेबलावर बांधकामांची मोजमापे घेणारे ओव्हरसिअर माणिकराव वारा घेत बसले होते, दाराशी शिपाई उकंडराव डुलक्या घेत होता. नारायणराव सहसा विनोद करीत नसत. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून निघून गेले, “मालक म्हंजे सरकार. जा, सरकारले घेऊन जा तुह्या इहिरीवर.”

माणिकराव मोठ्याने हसले. उकंडरावाची झोप मोडली, म्हणून तोही हसला.

मेहबूब हसला नाही. त्याने ते बोलणे खरे मानले. “मंग सरकारचा पत्ता द्या, भाऊसाब.”

“आमचाच पत्ता. ‘मालक, पंचायत समिती’ असं लिही अन् कार्ड टाक.”

मेहबूबने मान डोलावली. छातीवर हात ठेवून पुन्हा सलाम केला आणि तो उन्हात निघून गेला. त्याच्या जाण्यानंतर टेबलाच्या कडेवर चुन्याच्या बोटांचे चार पांढरे ठसे राहिले. नारायणरावांनी ते फडक्याने पुसले.

पुढच्या महिन्यापासून कार्डे येऊ लागली. पत्ता तोच, नारायणरावांनी सांगितलेला. अक्षर कोणा मास्तराचे असावे. वळणदार, उजवीकडे किंचित कललेले. मजकूर प्रत्येक वेळी एकच.

‘मेहेरबान मालक यांस, मेहबूब गवंडी याचा सलाम. विहीर उभी आहे. एक चिरा आपल्या हातचा बाकी आहे. आपण यावे. वाट पाहतो.’

पहिले कार्ड रीतीप्रमाणे माणिकरावांकडे अहवालास्तव गेले. त्यांनी मोजमापाच्या वहीतला आपला जुना शेराच उतरवून दिला: ‘कठड्याचे काम एका चिऱ्याने अपूर्ण. ठेकेदार काम पूर्ण करीत नाही. सबब देयक रोखले आहे.’ नारायणरावांनी शिक्का मारला. दुसऱ्या कार्डाला तोच शेरा, तिसऱ्याला तोच. चौथ्यापासून माणिकराव नुसते ‘पूर्वीप्रमाणे’ असे लिहू लागले. एका चिऱ्यासाठी नऊशे चाळीस रुपये सोडून बसणारा हा कसला ठेकेदार, असा विचार नारायणरावांच्या मनात एकदा डोकावून गेला. पण विचार करणे हे त्यांच्या टेबलाचे काम नव्हते.

अशी दीड वर्षे गेली. १९६५ सालच्या आरंभी, पौष महिन्यात, गटविकास अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की मार्चअखेर सर्व तक्रारी साफ झाल्या पाहिजेत, कारण त्या कामांचे अनुदान वर्ष सरताच परत जाणार होते. वारंवार येणाऱ्या तक्रारीच्या अर्जदाराला एकदा समक्ष बोलवावे, असेही त्यात म्हटले होते. नारायणरावांनी मेहबूबच्या नावे नोटीस लिहिली: ‘दिनांक अमुक रोजी उपस्थित राहावे, अन्यथा आपली तक्रार निकाली समजण्यात येईल.’

नऊ दिवसांनी ती नोटीस परत आली. तिच्या पाठीवर पोस्टमनने तांबड्या शाईने लिहिले होते: ‘इसम मयत. गेल्या गुढीपाडव्याच्या आधी.’

नारायणरावांनी कागद खाली ठेवला. मग उठून मेहबूबचा गठ्ठा काढला आणि डाकेचे शिक्के एकामागून एक पाहिले. पाडव्यानंतर दहा कार्डे आली होती. तेच अक्षर, तोच सलाम, तेच ‘वाट पाहतो’. त्यांनी पंचांग काढून डाकेच्या तारखा ताडून पाहिल्या. प्रत्येक कार्ड शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यात आले होते. अमावास्या सरली की कार्ड. चुकून एकदाही वद्यात नाही.

“उकंडराव,” त्यांनी हाक मारली. “हा नांद्राखेडचा गवंडी, मेहबूब, मेला म्हंते.”

“मेला? देवा!” उकंडरावाने कानाच्या पाळ्यांना हात लावला. मग त्याची नजर गठ्ठ्यावर गेली. “मंग हे कार्डं कोन धाडून राह्यलं?”

“तेच तर इचारतो.”

उकंडरावाने गठ्ठा हातात घेऊन पाहिला. म्हातारा होता, पण जिभेचा तिखट. “भाऊसाहेब, जित्या मानसाची तक्रार तुमी शिक्का मारून निकाली काढता. मेलेल्याची कशी काढसान? त्याले नोटीस कोन्या पत्त्यावर बजावसान?”

नारायणराव हसले नाहीत. त्या दुपारी दप्तरखान्यात जुने गठ्ठे लावीत असताना त्यांना टाकीचा आवाज ऐकू आला. दगडावर पोलादी छिन्नी बसावी तसा. संथ, सारख्या अंतराने. त्यांनी खिडकीतून पाहिले. बाहेर कडुनिंबाखाली एक शेळी बसली होती. आसपास कोठे बांधकाम नव्हते. आवाज थांबला. मागे वळून पाहतात तो टेबलाच्या कडेवर चार पांढरी बोटे उमटलेली. त्यांनी हात लावून पाहिला, तेव्हा तेथे काहीच नव्हते; नुसता उन्हाचा कवडसा होता.

माघ लागला. अमावास्येनंतर सहाव्या दिवशी पाडव्यानंतरचे अकरावे कार्ड आले. नारायणरावांनी ते नोंदवहीत चढवले; क्रमांक दिला; आणि आयुष्यात प्रथमच शिक्का हातात घेऊन खाली ठेवला.

घरी त्यांचा आहार कमी झाला. त्यांची पत्नी रुक्मिणीबाई हे सर्व पाहत होती. एके दिवशी जेवताना तिने विचारले, “कावून, आमटी खारट झाली का?”

“नाही.”

“मंग पानी कावून पिऊन नाही राह्यले? चार दिवस झाले, तांब्या भरलेला तसाच उचलून नेतो मी.”

नारायणरावांनी तांब्याकडे पाहिले. पाणी तोंडाशी नेले की त्यांना चुन्याचा वास येत असे. ओल्या, नुकत्या कालवलेल्या चुन्याचा. हे बायकोला कसे सांगावे, हे त्यांना उमगत नव्हते. शेवटी त्यांनी सारे सांगितले. कार्डे, नोटीस, आणि त्या वैशाखातला विनोदही.

रुक्मिणीबाई ऐकत राहिली. “शांत करून घ्या म्हनलं असतं,” ती म्हणाली, “पन भटजी काय करन ह्याच्यात? तो मानूस तुमाले या म्हनून राह्यला अन् तुमी त्याच्यावर शिक्के मारून राह्यले.”

“मले नाही बोलावत तो. मालकाले बोलावते.”

“अन् मालकाचा पत्ता कोनं देल्ला?”



फाल्गुन शुद्ध चतुर्थीला बारावे कार्ड आले. डाक वाटणाऱ्याने ते हातात दिले की गठ्ठ्यात आले, हे पुढे त्यांना कधी नीट आठवले नाही. अक्षर तेच, उजवीकडे कललेले. मजकूर मात्र वेगळा होता. ‘मालक सापडत नाही. ज्याने पत्ता दिला त्याने यावे. नारायणराव, तुम्ही यावे.’

त्यांनी ते दोनदा वाचले. नोंदवहीत चढवले. क्रमांक दिला, दोनशे चौदा. मग कार्ड इतर कार्डांच्या वर ठेवून गठ्ठा बांधला आणि दुसऱ्या दिवसाची रजा मागून घेतली.

सकाळच्या एस.टी.ने ते डोणगावला उतरले. तेथून दोन कोस पायी. ज्वारीची शेते कापून झाली होती आणि रानात नुसती धसकटे उभी होती. वाऱ्याबरोबर कोरडी पाने पायांत येत. वाटेत एकही माणूस भेटला नाही, आणि तरीही कोणीतरी आपल्यापुढे दहा पावले चालत आहे असे त्यांना सारखे वाटत राहिले. थांबले की तेही थांबे.

नांद्राखेडच्या शाळेपाशी विहीर होती. नारायणराव काठाशी आले आणि स्तब्ध उभे राहिले. काळ्या दगडाची, ताशीव चिऱ्यांची, गोल विहीर. सांधे असे जुळलेले की सुईसुद्धा शिरू नये. कठडा कमरेएवढा, एकसारखा. फक्त पूर्वेकडे एक चिरा नव्हता. त्या जागी रिकामा चौकोन होता आणि त्यातून खालचे पाणी दिसत होते. पाहणाऱ्याला वाटावे की विहीर त्या एका डोळ्याने वाटेकडे पाहत आहे.

पाणी भरायला आलेली एक बाई पश्चिमेच्या बाजूने दोर सोडत होती. तिचे नाव वच्छलाबाई. तिने पाहुण्याला निरखले. कोट, टोपी, बगलेत कागदांची पिशवी.

“कचेरीतले का?”

“हो बाई.”

“आले बाप्पा!” तिने बादली काठावर आदळली. “दोन वर्सं झाले, मालकाले रस्ताच सापडून नाही राह्यला म्हनलं! त्या खिंडीकडून कोनी दोर टाकत नाही. मालक यायचा हाये ना, त्याची जागा हाये ते.”

“मेहबूब गवंड्याचं घर कुठं हाये?”

तिचा स्वर उतरला. “थे का, बाभळीपाशी. सुगराबी हाये घरी. जा.”

सुगराबी मेहबूबची विधवा. तिने दारात बाजेवर गोधडी अंथरली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. तिचा एक पाय सुजलेला होता. मेहबूबचा धाकटा भाऊ अब्दुल गनी, तोही गवंडी, भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने पाहुण्याला सलाम केला नाही. दाराच्या आत, उजव्या अंगाला, गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलेले होते.

“बाई,” नारायणराव म्हणाले, “हे कार्डं कोन टाकते?”

“मीच टाकतो जी,” सुगराबी म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. “शाळेतले पंजाबराव गुरुजी लेहून देत होते त्याहिले. गुरुजीची बदली झाली, तवा हे बिमार होते. म्हने, गुरुजी, तुमी गेल्यावर कोन लेहीन? येक बैठकीत बारा कार्डं लेहून घेतले. मले म्हने, मी राह्यलो का नाही राह्यलो, चांद दिसला का पुढच्या बाजारी डोणगावले येक कार्ड पेटीत टाकजो. मले वाचता येत नाही. टाकत राह्यलो.”

नारायणरावांच्या छातीवरचा मोठा दगड क्षणभर हलला. चंद्रदर्शन! म्हणून शुद्ध पक्ष. मेलेल्या माणसाने नव्हे, जित्या बाईने त्याचा शब्द पाळला होता.

“पन बाई,” ते म्हणाले, “चिरा कावून नाही बसवला? येक चिरा बसवला असता तर पैसे तवाच मिळाले असते.”

उत्तर अब्दुल गनीने दिले. “कसा बसवन? शेवटचा चिरा मालकाच्या हातचा असते साहेब. आमच्या बापाची रीत, आमच्या उस्तादाची रीत. हिंदूची इहीर असो, मुसलमानाची असो. मालकानं यावं, नारळ फोडावा, चिऱ्याले हात लावावा, गवंड्याच्या खांद्यावर फडकं टाकावं. तवा इहीर मालकाची होते. नाही तं थे पानी गवंड्याच्या माथी राह्यते. पाटलाच्या इहिरीवर पाटील आला. भाऊरावच्या इहिरीवर भाऊराव आला. इथं मालकच नाही आला!”

“अन् तुमच्या साहेबानं वहीत लेहलं, काम अपुरं,” सुगराबी म्हणाली. “पैशाचं दुख नाही भाऊसाब त्याहिले. चाळीस इहिरी बांधल्या. अपुरं काम कोनी म्हनलं नव्हतं. मरतानी बी तेच बोलत होते: अपुरं नाही, मालक यायचा हाये.”

नारायणरावांनी डोळे मिटले. माणिकरावांचा शेरा खरा होता. एक चिरा खरोखर नव्हता. मेहबूबचा अर्ज खरा होता. तो चिरा खरोखर मालकाचा होता. दोन सत्ये दोन वर्षे एकमेकांसमोर उभी राहिली, आणि त्यांच्या मधोमध बसून ते स्वतः शिक्के मारीत राहिले. एकदा कोणी येऊन विचारले असते, तर सारी गोष्ट अर्ध्या तासाची होती.

“शेवटचं कार्ड तुमी टाकलं,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “त्याच्यात माह्यं नाव कोनं लेहलं?”

सुगराबी गोंधळली. “शेवटचं? शेवटचं टाकलंच नाही जी. पाय सुजला, ह्या चांदाले बाजारात गेलोच नाही. अकरा टाकले. बारावं हे काय.” तिने कोनाड्यातून एक कार्ड काढून पुढे केले. नारायणरावांनी ते घेतले. मेहेरबान मालक यांस. एक चिरा आपल्या हातचा बाकी आहे. वाट पाहतो. इतर अकरांसारखेच, अक्षर न अक्षर.

भर दुपारच्या उन्हात त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले. त्यांनी कार्ड तिला परत दिले.

“तुमी मालक हाये का?” सुगराबीने सरळ विचारले.

पन्नाशी उलटलेल्या त्या सदाचारी माणसाला एवढा कठीण प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. हो म्हणावे तर असत्य. नाही म्हणावे तर ज्या विनोदाने हे सारे सुरू झाले, तोच पुन्हा बोलल्यासारखे.

“नाही बाई,” ते म्हणाले. “मी साधा कारकून. पन त्यानं मालक इचारला, तवा मी थट्टा केली अन् कचेरीचा पत्ता देल्ला. पत्ता माह्या तोंडचा हाये. चालत असन तं चिरा मी बसवतो. त्याचं पाप लागलं तं माह्या माथी लागो.”

अब्दुल गनीने भावजयीकडे पाहिले. मग ती भिंत धरून उठली आणि तिने कोपऱ्यातले गोणपाट बाजूला केले. खाली चिरा होता. काळा, तुळतुळीत, दोन वर्षांत धुळीचा कणही न बसलेला. ती रोज पुसत असावी. त्याच्या कोपऱ्यावर मेहबूबची खूण होती, लहानसा अर्धचंद्र.

गावात बातमी जायला वेळ लागला नाही. वच्छलाबाईने घरचा नारळ आणला, तो नारायणरावांनी काठावर फोडला. अब्दुल गनीने चुना कालवला, आणि तो वास आला तेव्हा नारायणरावांना आठवले की महिनाभर आपण हाच वास पीत होतो. चौघांनी चिरा उचलला. नारायणरावांनी त्याला दोन्ही हात लावले आणि पूर्वेकडच्या रिकाम्या जागेत तो सरकवला. गनीने दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडून चिरा सरळ आहे का ते पाहिले. दोन उन्हाळे, दोन पावसाळे गेले होते, पण चिरा असा बसला की जणू सकाळीच घडवला होता.

“केसाएवढी फट नाही,” गनी म्हणाला आणि तोंड फिरवून त्याने बाहीने डोळे पुसले.

रीतीप्रमाणे गवंड्याच्या खांद्यावर वस्त्र टाकायचे होते. नारायणरावांनी आपले उपरणे काढले. गनीने हात मागे घेतला. “माह्या नाही साहेब. हे काम भाईचं.” तेव्हा सुगराबीने मेहबूबचा ओळंबा पुढे धरला, आणि नारायणरावांनी ते उपरणे त्या दोरीवर टाकले. ओळंबा किंचित हलला आणि स्थिर झाला. वच्छलाबाईने पूर्वेच्या बाजूने दोर सोडला, बादली वर ओढली आणि पहिला तांब्या सुगराबीला दिला. त्या विहिरीचे पाणी तिने आजवर तोंडी लावलेले नव्हते. ती प्यायली. तिच्यानंतर नारायणराव प्यायले. पाण्याला कसलाही वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी मेहबूबचा गठ्ठा सोडला. अहवालाबरोबर सर्व कार्डे जोडायची होती. त्यांनी मोजली. पाडव्यानंतरची अकरा. पुन्हा मोजली. नोंदवहीत त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात दोनशे चौदावा क्रमांक होता, तारीख होती, ‘नांद्राखेड, विहिरीबाबत’ असा विषय होता. कार्ड मात्र कोठेही नव्हते. गठ्ठ्यात नाही, खणात नाही, टेबलाखाली नाही. नारायणरावांनी फार शोधले नाही. नोंद त्यांनी खोडलीही नाही.

मग शिक्का बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: ‘प्रत्यक्ष जाऊन पाहिले. कठडा पूर्ण आहे. गवंड्याची चूक नव्हती. शेवटचा चिरा मालकाच्या हातून बसवण्याची रीत असून, कार्यालयातर्फे कोणीही गेले नाही. विलंबाचा दोष तक्रारींवर न पाहता शिक्का मारणाऱ्या निम्नस्वाक्षरीकाराचा आहे.’ आणि खाली सही केली.

माणिकराव तो कागद वाचून उसळले. “तुमाले हा अधिकार कोनं देला? मोजमाप माह्यं काम हाये!”

“हो. म्हनून तुमी जा अन् मोजा,” नारायणराव शांतपणे म्हणाले. “अनुदान जायले सोळा दिवस राह्यले.”

“मी का खोटं लेहलं होतं? चिरा नव्हता, नव्हता म्हनून लेहलं!”

“खरं लेहलं होतं. पन एकडाव इचारलं असतं का, का नाही म्हनून? मी बी नाही इचारलं. जा, माणिकराव. पानी बी पिऊन या.”

गटविकास अधिकाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला, नारायणरावांच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली, आणि माणिकरावांना जीपने नांद्राखेडला पाठवले. सायंकाळी माणिकराव परतले तेव्हा त्यांच्या वहीत ‘अपूर्ण’ हा शब्द कापलेला होता आणि वर ‘पूर्ण’ लिहिलेले होते. त्या दिवशी ते वारा घेत बसले नाहीत.

पैसे तरीही लगेच मिळाले नाहीत. मयताच्या वारसाचा दाखला हवा होता. नारायणरावांनी मार्चच्या अखेरीपूर्वी देयक काढवून ती रक्कम अनामत म्हणून ठेवून घेतली, अनुदान परत जाऊ नये म्हणून. आणि दाखल्यासाठी तहसिलीत स्वतः सात खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला त्यांना बाकावर बसवून ठेवण्यात आले, ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगण्यात आले. ते बसत. मेहबूब कसा बसला असेल, हे त्यांना आता नेमके कळत होते.

ज्येष्ठ वद्यात सुगराबी दिरासह कचेरीत आली. तिने अंगठा उठवला. उकंडरावाने तिला आपले स्टूल दिले आणि माठातले पाणी आणून दिले. पैसे पदराच्या गाठीत बांधून झाल्यावर तिने कमरेतून ते शेवटचे कार्ड काढले.

“हे राह्यलं होतं जी,” ती म्हणाली. “त्याहिनं बारा टाकाले सांगतले होते. आता पेटीत टाकू, का तुमच्या हातात देऊ?”

नारायणराव उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी त्यांनी ते कार्ड घेतले, जसा तीर्थाचा पेला घ्यावा. फाल्गुनातली नोंदवही काढली. दोनशे चौदाव्या ओळीपुढची जागा तशीच होती. त्यांनी कार्डावर तोच क्रमांक घातला आणि ते अकरांच्या शेजारी ठेवले. जी नोंद कार्डाच्या आधी झाली होती, तिला तिचे कार्ड मिळाले. खिडकीबाहेर कडुनिंबाच्या फांदीवर वारा होता. टाकीचा आवाज त्यानंतर त्यांना पुन्हा ऐकू आला नाही.

नांद्राखेडची ती विहीर अजून पाणी देते. पूर्वेकडच्या चिऱ्यावरचा अर्धचंद्र दोरांच्या घासण्याने पुसट झाला आहे. तेथे पाणी भरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ही कथा ठाऊक आहे, आणि पाण्याला ती ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. ज्याने ती बांधली त्याच्या आत्म्याला विसावा लाभो. जिने त्याचा शब्द महिन्यामागून महिना पेटीत टाकला तिच्या पायांना बळ लाभो. जो उशिरा का होईना उठून गेला त्याची ओंजळ निर्मळ राहो. आणि ज्यांच्या टेबलांवर आजही कोणाचे कार्ड वाट पाहत आहे, त्यांना ते वाचण्याची बुद्धी होवो.